रंगीत बरण्या जमवायच्यात? मग रंगावरून भट्टी ओळखायला शिका

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की सासूबाईंकडून आलेल्या लोणच्याच्या दोन-तीन जुन्या बरण्या घरात आहेत, त्यांच्यामुळे नाद लागला, आता तुम्ही लाल, पिवळे, निळे, हिरवे असे सिरॅमिकचे झाकणाचे डबे आणि बरण्या जमवायला सुरुवात केलीय, त्यात एक भडक नारिंगी परदेशी डबा पण मिळालाय, आणि तुम्हाला विचारायचंय की जुनं-नवं, चांगलं-वाईट कसं ओळखायचं, घेताना काय बघायचं आणि मुख्य म्हणजे यात खायचं ठेवलं तर चालतं का. मी बडोद्यातच असते, चिनी मातीत काम करते, भट्टी लावते, तुटलेली भांडी जोडून देते आणि बरण्या तर लग्नाच्या आधीपासून जमवतेय, त्यामुळे जरा लांबण लावणारच आहे, चहा घेऊन बसा.

सगळ्यात आधी एक गोष्ट. आपण बरणीकडे जातो ते रंग बघूनच, त्यात काही गैर नाही, पण रंग नुसता दिसायला नसतो. कुठला रंग कितीच्या भट्टीत टिकतो हे ठरलेलं असतं, आणि भट्टी कितीची यावर त्या भांड्याची माती घट्ट झालीय की पोकळ राहिलीय ते ठरतं, आणि त्यावर त्यात लोणचं जाणार की फक्त बटणं आणि दोरे जाणार ते ठरतं. हे एकदा डोक्यात बसलं की बाजारात बरणी हातात घेतल्या घेतल्या अर्धं काम झालेलं असतं.

माती दोन जातीची धरून चाला. एक कमी आचेची, साधारण १००० ते ११५० अंश सेल्सिअसला भाजलेली, हिला अर्दनवेअर म्हणतात. दुसरी १२०० ते १३०० अंशांपर्यंत भाजलेली, स्टोनवेअर, आपल्या लोणच्याच्या बरण्या या जातीतल्या. पहिली आतून सच्छिद्र राहते, स्वतःच्या वजनाच्या दहा टक्के, कधी त्याहून जास्त पाणी पिऊ शकते, दुसरी जवळजवळ दगड होते आणि दोन-तीन टक्क्यांच्या आतच पिते. वरून ग्लेझ म्हणजे काचेसारखी झिलई दोघींनाही असते, म्हणून वरून बघून कळत नाही. कळतं ते बुडावरून.

बरणी उलटी करा. बुडाच्या गोल कडेला बहुतेक वेळा झिलई नसते, कारण तिथे झिलई असती तर भट्टीत वितळून बरणी फळीला चिकटली असती. ती उघडी कडा साबणाने घासून धुवा, पूर्ण सुकू द्या (जुन्या लोणच्याच्या बरण्यांच्या बुडाला वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं, ते राहिलं तर थेंब खोटं सांगेल), मग बोटाने पाण्याचा एक थेंब त्यावर ठेवा आणि बघत बसा. थेंब गोल मण्यासारखा तसाच बसून राहिला तर माती घट्ट आहे. थेंब पसरला, आत गेला आणि तिथे काळपट ओला डाग उरला तर ती कमी आचेची. एवढं सोपं आहे, दुकानदारासमोर पण करता येतं, कुणी काही म्हणत नाही. घरी अजून खात्री करायची तर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर कोरडी बरणी तोला, दिवसभर पाण्यात बुडवून ठेवा, बाहेरून पुसून परत तोला. ८०० ग्रॅमचा डबा ८८० झाला तर दहा टक्के पाणी प्यायला, त्यात लोणचं घालायचा विचार सोडा. फक्त ज्यावर वरून रंगवलेली फुलं किंवा सोनेरी काठ आहे ते असं भिजत घालू नका.

आता रंग. तपकिरी, मातकट पिवळा हे लोखंडाचे रंग, मोठ्या आचेतही राहतात. कोबाल्टचा निळा तर कुठल्याही आचेत टिकतो, क्रोमचा हिरवा पण दणकट. उलट भडक लाल, नारिंगी, लिंबासारखा पिवळा हे जुन्या काळात मोठ्या आचेत उडून जायचे, लाल-नारिंगीसाठी कॅडमियम आणि सेलेनियम वापरायचे आणि ते कमी आचेतच उजळतात. आता नवीन रंगद्रव्यं निघालीत ज्यात तो रंगाचा कण दुसऱ्या कठीण कवचात बंद केलेला असतो, म्हणून आज लाल स्टोनवेअर सुद्धा मिळतं, पण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा टोमॅटोसारखा लाल किंवा नारिंगी डबा दिसला तर मी बूड बघायच्या आधीच धरून चालते की माती कमी आचेची आहे आणि झिलईत काय असेल सांगता येत नाही. निळा मात्र फसवा, तो दोन्हीकडे असतो, निळ्याला थेंबाचीच परीक्षा.

आणि झिलईत काय असेल म्हणजे मुख्यतः शिसं. झिलई म्हणजे वाळूतली सिलिका वितळवून केलेली काच, आणि कमी आचेत ती वितळायला काहीतरी मदतनीस लागतो, पूर्वी तो मदतनीस बहुतेक वेळा शिसं असायचा, कारण शिशाने झिलई लवकर वितळते आणि रंगाला अशी चमक येते की दुसऱ्या कशाने येत नाही. म्हणून जुने झगमगीत रंगाचे डबे इतके देखणे. पण शिसं आंबट पदार्थात सुटतं. कैरी, लिंबू, चिंच, दही, व्हिनेगर, टोमॅटो हे सगळे त्यातले. त्यातही एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा, शिशाच्या झिलईत तांब्याचा हिरवा रंग घातलेला असेल तर शिसं अजून जास्त सुटतं, म्हणून जुना पाचूसारखा हिरवा, कमी आचेचा डबा मला लालपेक्षाही जास्त काळजीचा वाटतो. लहान मुलं घरात असतील तर मी यात अजिबात सवलत देत नाही.

तुम्हाला तपासायचंच असेल तर मेडिकलच्या कापसाच्या काडीसारखी जी रंग बदलणारी काडी ऑनलाइन मिळते तिच्यावर विसंबू नका, ती थोडं शिसं पकडत नाही आणि कॅडमियमचं तर काहीच सांगत नाही. खरी परीक्षा लॅबमध्ये होते, भांड्यात चार टक्क्यांचं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, म्हणजे साधारण व्हिनेगरच, भरून २२ अंश तापमानाला २४ तास ठेवतात आणि मग त्यात किती शिसं आणि कॅडमियम उतरलं ते मोजतात. अन्न-पाणी तपासणाऱ्या खासगी लॅबमध्ये फोन करून विचारा, एका बरणीसाठी खर्च परवडत नाही पण रोज वापरायचा पूर्ण सेट असेल तर करून घ्यावं असं माझं मत आहे.

आता सासूबाईंच्या बरण्या. तुम्ही लिहिलंय खाली पांढरट आणि वर तपकिरी, खांद्यापाशी रेघ मारल्यासारखा रंग बदलतो. हीच ती. त्यांना जपा, कारण आज त्या साध्या वाटतात पण माझ्या दृष्टीने तुमच्या संग्रहातल्या सगळ्यात भरवशाच्या त्याच आहेत. ही दोन रंगांची पद्धत मूळ इंग्लंडमधली, १८३० च्या दशकात ब्रिस्टलच्या कुंभारांनी शिसं न घालता जस्त आणि फेल्डस्पार नावाचं खनिज घालून मोठ्या आचेत वितळणारी झिलई काढली, तिला आजही ब्रिस्टल ग्लेझ म्हणतात, आणि वरचा अर्धा भाग लोखंड असलेल्या झिलईत बुडवायचा म्हणून तपकिरी व्हायचा. तिकडे त्यात जिंजर बीअर आणि मुरंबे विकले जायचे, इकडे लोणची आली. म्हणजे ही बरणी घराण्यानेच शिशापासून लांब राहिलेली आहे. तरी बुडाचा थेंब करून बघाच, कारण त्याच रंगात नंतर स्वस्तातल्या नकला पण पुष्कळ झाल्या.

आपल्याकडे गुजरातेत या बरण्या थानगड, वांकानेर, मोरबी या पट्ट्यातून यायच्या, आणि बडोद्याच्या मराठी माणसाने अभिमानाने सांगावं असं हे की तिथला चिनी मातीचा धंदा उभा करणाऱ्यांत परशुराम गणपुळे हे मराठी गृहस्थ होते, परशुराम पॉटरी त्यांचीच. मोरबी आता टाइल्ससाठी जगभर माहीत आहे आणि थानगडला सॅनिटरीवेअर, पण मुळात बरणी-कपबशीपासून सुरुवात. बुडावर परशुराम पॉटरीचा शिक्का असलेली बरणी मिळाली तर चीर असली तरी सोडू नका, मी सोडत नाही. बाकी उत्तरेकडच्या बरण्या बऱ्याचदा खुर्जाच्या, म्हणजे उत्तर प्रदेशात बुलंदशहर जिल्ह्यात, तिथे आजही घरोघरी भट्ट्या आहेत आणि तुम्ही ऑनलाइन जे निळ्या फुलांचे, पिवळे, फिरोजी असे डबे बघता त्यातले कितीतरी तिथलेच. जुन्यात ग्वाल्हेर पॉटरीज, बंगाल पॉटरीज, बर्न कंपनी असे शिक्के पण सापडतात. पुष्कळ बरण्यांवर काहीच शिक्का नसतो, फक्त एखादा आकडा दाबलेला असतो, तो बहुधा मापाचा किंवा साच्याचा नंबर, त्याला साल समजून कुणी जास्त पैसे मागितले तर ऐकू नका.

परदेशी डब्यांचं जग वेगळं आहे आणि त्यात तुम्हाला रस दिसतोय म्हणून थोडं सांगते. तिकडे मैदा, साखर, चहा, कॉफी असे मोठ्यापासून लहानापर्यंत उतरत्या मापाचे सेट असायचे, वर नाव छापलेलं. जर्मन सेट मिळाले तर त्यावर मेल म्हणजे पीठ, त्सुकर म्हणजे साखर, राइस म्हणजे तांदूळ असं असतं, आणि सोबत लवंग, मिरी, दालचिनीच्या छोट्या डब्या. अख्खा सेट क्वचित मिळतो, मोठा डबा रोजच्या वापरात आधी फुटतो. इंग्लंडची निळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची कॉर्निशवेअर, टी. जी. ग्रीन या डर्बीशायरच्या कारखान्याची, १९२० च्या दशकापासूनची, ती ओळखायला मला फार आवडते. ते पांढरं भांडं निळ्या पातळ मातीत बुडवायचे आणि मग लेथवर फिरवत निळ्याचे पट्टे खरवडून खालचा पांढरा उघडा करायचे. म्हणून डोळे मिटून अंगठा वरून खाली फिरवला तर प्रत्येक निळ्या पट्ट्याला बारीकशी पायरी लागते, पांढऱ्यावर अंगठा किंचित खाली उतरतो, निळ्यावर परत चढतो. नुसते छापलेले पट्टे असतील तर अंगठा सरळ घसरत जातो. १९६८ मध्ये ज्युडिथ ओनियन्स यांनी त्याचे आकार नव्याने केले, त्यामुळे जुने गोलसर आणि नंतरचे सरळ असा फरक दिसतो.

यॉर्कशायरचं हॉर्नसी पॉटरी पण इकडे कधी कधी लंडनहून परत आलेल्या लोकांच्या घरातून बाहेर पडतं, १९४९ ला सुरू झालेलं आणि २००० ला बंद पडलेलं. त्यांच्या लाकडी झाकणाच्या बरण्या, १९६७ चं हेअरलूम डिझाइन तपकिरी, हिरव्या, निळ्यात, आणि १९७० चं सॅफ्रन म्हणजे केशरी-तपकिरी गोल नक्षीचं, हे दोन्ही आपल्याकडच्या सागवानी फळीवर फार शोभतात. अमेरिकेचं फिएस्टा तर रंगासाठीच जन्माला आलं, १९३६ मध्ये, आणि त्यातल्या नारिंगी-लालसाठी ते चक्क युरेनियम ऑक्साइड वापरायचे. १९४३ मध्ये युद्धासाठी युरेनियम सरकारने घेतलं म्हणून तो रंग बंद झाला, १९५९ ला परत आला आणि १९७२ ला त्या पद्धतीचा रंग कायमचा थांबला. असं भांडं घरात ठेवायला घाबरायचं कारण नाही, शोकेसमध्ये छान बसतं, पण त्यात खाऊ नका, आणि कुणी जुना नारिंगी डबा तुम्हाला फिएस्टा म्हणून विकायला बघत असेल तर आधी शिक्का बघा.

जपानी मालाचं साल ओळखायला एक सोपा धागा आहे. अमेरिकेच्या १८९० च्या कायद्याने १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव लिहावं लागायचं, तेव्हा जपानी मालावर निप्पॉन (जपानचं जपानी नाव) यायचं, १९२१ पासून निप्पॉन चालेनासं झालं आणि जपान लिहायला लागले, आणि महायुद्धानंतर १९४५ ते १९५२ या काळातल्या बऱ्याच मालावर ऑक्युपाइड जपान, म्हणजे परक्या सैन्याच्या ताब्यातला जपान, असं आहे. हा शिक्का असला की साल जवळजवळ हातातच आलं. मात्र हे शिक्के नकली पण मारतात, म्हणून शिक्का झिलईच्या खाली आहे की वर ते नखाने बघा, नखाने खरवडून निघतोय तर सोडून द्या.

झाकणाबद्दल मी जरा कडक आहे. लोक रंग बघतात, फुलं बघतात, आणि झाकण दुसऱ्याच बरणीचं असतं हे घरी आल्यावर कळतं. माझ्या मते झाकण गेलेली बरणी म्हणजे निम्मी किंमत सुद्धा जास्त झाली, कारण झाकण परत मिळत नाही. बघायचं असं: चांगल्या बरणीचं झाकण बऱ्याचदा बरणीवर ठेवूनच भाजलेलं असतं, त्यामुळे जिथे दोघं एकमेकांना टेकतात तिथे दोन्हीकडे झिलई नसते, उघडी माती असते, आणि ती माती दोन्हीकडे एकाच रंगाची हवी. भट्टीत बरणीचं तोंड किंचित लांबट होतं, झाकण पण त्याच्याबरोबर तसंच होतं. म्हणून झाकण तोंडावर ठेवून हळूहळू एक पूर्ण फेरी फिरवा. मूळचं झाकण एका जागी येऊन गपकन बसतं, जरा फिरवलं की डुगडुगतं, परत त्या जागी आणलं की शांत. दुसऱ्याचं झाकण एक तर सगळीकडे सैल असतं नाहीतर सगळीकडे डुगडुगतं. साच्यातल्या नव्या मालाला हे तितकंसं लागू नाही, ते सगळं एकसारखं असतं. रंगाचा फरक बघायचा तर दारात या, उन्हाच्या उजेडात, दुकानातल्या पिवळ्या बल्बखाली दोन वेगळे निळे एकच दिसतात.

फिरकीच्या झाकणाच्या आणि तारेच्या क्लिपच्या बरण्यांना रबराची वायसर असते, ती गेली तर हार्डवेअरच्या दुकानात माप देऊन फूड ग्रेड सिलिकॉनची मिळते, त्यासाठी बरणी नाकारू नका. तार गंजली असेल तर ती बदलून घ्या, गंज झिलईवर उतरला की जाता जात नाही.

फुटलेली जोडलेली बरणी ओळखायला पहिलं म्हणजे आवाज. बरणी डाव्या तळहातावर मोकळी ठेवा, झाकण काढून, आणि उजव्या हाताच्या बोटाच्या गाठीने कडेला हलकी टिचकी द्या. धड असेल तर टण्ण आवाज निघतो आणि क्षणभर रेंगाळतो, केसाएवढी जरी चीर असली तरी आवाज बसका, ठक् करून संपतो. मात्र कमी आचेची माती मुळातच थोडी बसकी वाजते, म्हणून शेजारी त्याच जातीची धड बरणी वाजवून बघा. दुसरं म्हणजे नोटा तपासायचा जो छोटा जांभळा टॉर्च मिळतो तो अंधारात मारा, जोडलेल्या जागेचा एपॉक्सी गोंद आणि वरून मारलेला रंग बाकीच्या झिलईपेक्षा वेगळा चमकतो. आणि गालाला लावून बघा, झिलई थंड लागते, रंग मारलेली जागा तेवढी थंड लागत नाही. जोडलेली बरणी घ्यायला हरकत नाही, मी स्वतः जोडते, पण जोडलेली म्हणून घ्यायची आणि तिच्यात खायचं ठेवायचं नाही. कडेचा छोटा टवका असेल तर शोभेला चालतं, तोंडाच्या आतल्या कडेचा टवका मात्र नको, झाकण फिरवताना तिथून माती झडत राहते.

झिलईवर केसांसारखी जाळी पडलेली असते, त्याबद्दल तुम्ही विचारलंय की जुनी असल्याची खूण आहे का. नाही. झिलई थंड होताना मातीपेक्षा जास्त आकसली तर ती ताणली जाते आणि जाळी पडते, ते भट्टीतून बाहेर आल्या आल्या पण होऊ शकतं. कमी आचेची माती वर्षानुवर्षं हवेतला ओलावा पिऊन किंचित फुगते आणि मग उशिरा जाळी पडते, ती जुन्यात दिसते खरी, पण मुद्दाम जाळी पाडून चहाच्या पाण्यात बुडवून जुनं दाखवणारे पण आहेत. जाळी असलेल्या भांड्यात ओलं काही ठेवायचं नाही, तेल आणि मसाला त्या फटींतून मातीत मुरतो आणि मग खवट वास मारतो.

तसा डाग किंवा वास आधीच असेल तर ब्लीच घालू नका, कितीही सांगितलं तरी लोक घालतात. क्लोरीनवाल्या ब्लीचचे क्षार मातीत राहतात, सुकताना स्फटिक होतात आणि झिलईला आतून ढकलून कपचे उडवतात, महिन्याभराने बरणी खपल्या टाकायला लागते. केमिस्टकडचं हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या, सहा टक्क्यांचं पुरतं, हातमोजे घालून प्लास्टिकच्या बादलीत बरणी त्यात काही दिवस ठेवा, मग साध्या पाण्यात तेवढेच दिवस पाणी बदलत, आणि मग सावलीत आधी आणि उन्हात नंतर पूर्ण सुकवा. धड झिलईच्या बरणीला एवढं काही लागत नाही, कोमट पाणी, खायचा सोडा, उन्हात तोंड उघडं. लोणच्याचा वास हटत नसेल तर मोहरीची पूड पाण्यात कालवून आतून लेप द्या आणि दुसऱ्या दिवशी धुवा. उकळतं पाणी थेट ओतू नका, जुनी बरणी बडोद्याच्या जानेवारीच्या सकाळी गार असते आणि तडकन तडा जातो.

झाकण अडकलंय असं तुम्ही एका बरणीबद्दल लिहिलंय. चमच्याने ठोकू नका. जोडावर चार थेंब गोडं तेल सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी कोमट पाण्यात पिळलेलं फडकं झाकणाच्या बाहेरच्या कडेभोवती गुंडाळा, म्हणजे झाकण जरा फुगतं आणि आतली मान गारच राहते, मग दोन्ही हातांनी एकदा इकडे एकदा तिकडे, जोर न लावता. दोन-तीनदा करावं लागेल पण निघतं.

शोधायचं कुठे? शुक्रवारी बाजारात सकाळी लवकर जा, उन्हं चढली की व्यापारी चांगलं उचलून नेतात. दांडिया बाजार, रावपुरा, मांडवीकडचे जुने वाडे विकले जातायत, पाडले जातायत, तिथल्या माळ्यावरून बरण्या भंगारात जातात, आपल्या ओळखीच्या भंगारवाल्याला सांगून ठेवा की चिनी माती आली की आधी मला दाखव, दोन पैसे जास्त द्या, तो नक्की फोन करतो. आणि नातेवाइकांना विचारा, खरंच विचारा. मराठी घरांत मेथांबा, लिंबाचं लोणचं, गुजराती शेजारणींकडे छुंदा आणि गोरकेरी, दरवर्षी एवढं घातलं जायचं की प्रत्येकीकडे बरण्या होत्या, मग प्लास्टिकच्या पारदर्शक बरण्या आल्या आणि या माळ्यावर गेल्या. काचेच्या तर आपल्या बडोद्यातच व्हायच्या, अलेंबिकच्या येरा, त्या पण जमवणारे आहेत, पण तो वेगळा नाद.

किती आणि काय जमवायचं यावर माझं मत असं की एक धागा धरा. सगळ्या रंगांचं सगळं घ्यायला लागलात तर वर्षभरात जागा संपेल आणि एकाही गोष्टीची नीट ओळख होणार नाही. एकच रंग पण वेगवेगळ्या भट्ट्यांचा, किंवा फक्त गुजरातचे शिक्के, किंवा फक्त झाकणाच्या मुठीचे आकार. मी निळ्यापासून सुरुवात केली आणि निळ्यातच अजून सगळं बघून झालेलं नाही. आणि घेतलं की बुडाचा फोटो, शिक्क्याचा फोटो, कुठून मिळालं, कुणाच्या घरचं, हे एका वहीत लिहा, बरणीवर चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद वरच्या रंगाला ओढून नेतो.

ठेवताना मोठ्या जड बरण्या खालच्या फळीवर, लहान वर, आणि वरच्या फळीला पुढे दोन इंचाची पट्टी ठोकून घ्या. २००१ च्या भूकंपात बडोदं चांगलंच हललं होतं, तेव्हापासून मी पट्टीशिवाय फळी ठेवत नाही. पावसाळ्यात रिकाम्या बरण्यांची झाकणं गच्च लावू नका, तोंडावर सुती दादरा बांधा आणि झाकण शेजारी ठेवा, नाहीतर ऑगस्टमध्ये उघडल्यावर बुरशीचा वास येतो. कुरियरने मागवत असाल तर विकणाऱ्याला सांगा की झाकण वेगळं गुंडाळ, बरणीवर चिकटपट्टीने बांधू नकोस, आणि खोक्यात खोकं घाल. वाटेत झाकण बरणीवर आपटूनच निम्मे टवके उडतात.

आता कशात काय, तुमच्या यादीप्रमाणे. सासूबाईंच्या दोन रंगी बरण्या थेंबात पास झाल्या आणि आतून जाळी नसेल तर कैरीचं लोणचं बिनधास्त, मीठ आणि आंबट दोन्हीला ती झिलई दाद देत नाही, स्टीलला मात्र मीठ आणि आंबट मिळून खातात. खुर्जाच्या नवीन निळ्या-पिवळ्या डब्यांवर लेड फ्री आणि फूड सेफ लिहिलेलं असेल तर साखर, डाळी, चहा, रवा, कोरडं सगळं. नाव छापलेला परदेशी पांढरा डबा आत स्वच्छ असेल तर बिस्किटं, तेही कागद घालून. हिरव्या जुन्या डब्यावर हात फिरवलात आणि फुलं बोटाला लागली, म्हणजे ती झिलईच्या वरून रंगवलीत, तर तो फक्त शोभेचा. आणि तो नारिंगी, बुडाच्या शिक्क्याचा आणि आतल्या बाजूचा फोटो मला पाठवा, तोपर्यंत त्यात शिवणकामाचं सामान भरा आणि खिडकीपाशी ठेवा, चार वाजताच्या उन्हात तो रंग बघण्यासारखा असतो.